गिअरबॉक्स खोलून काम करावं की जुना आणून बसवावा? (डिझेल जीप, कोल्हापूर)

साळवण रोड

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गिअरबॉक्सचं काम करून घेतलेल्यांचा सल्ला हवाय.

गाडी डिझेल जीप, मागच्या चाकांवर चालणारी, पाच गिअर. अडीच लाख किलोमीटरच्या पुढं गेलीय, त्यातलं निम्मं आधीच्या मालकाकडं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाही. एवढं पळाल्यावर झीज होणारच. रोज साळवणहून कोल्हापूर, अधूनमधून करूळ घाट उतरून वैभववाडी.

तिसऱ्यावरून दुसरा टाकताना खर्र करतो, सकाळी गार गाडीला जास्त. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तिसरा आपोआप सुटून न्यूट्रल होतो, म्हणून एक हात कायम दांड्यावर असतो. आणि एक घुंई आवाज आहे. पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्यात भरपूर, चौथ्यात जवळजवळ नाही, पाचव्यात परत येतो.

दोन गॅरेजला दाखवली. एक म्हणतात, "खोलण्यात वेळ घालवू नका, जुना चांगला बॉक्स आणतो, उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जावा." दुसरे म्हणतात, "खोलल्याशिवाय आकडा सांगणार नाही." उसाचं बिल अजून यायचंय, त्यामुळं एकदाच आणि योग्य जागी खर्च करायचाय. कुणाचं ऐकू?

स्पॅनर चौदा

साळवणकर, आधी महत्त्वाचं. काम होईपर्यंत घाट उतरू नका. गिअर सुटला की इंजिनची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. करूळच्या उतारावर ब्रेक तापायला वेळ लागत नाही. दांडा हातानं धरून ठेवणं हा इलाज नाही. त्यानं फोर्क (गिअर सरकवणारा काटा) सारखा स्लीव्हवर (गिअर शाफ्टला अडकवणाऱ्या कड्यावर) दाबून राहतो आणि दोन्ही आणखी झिजतात.

आता आवाज. तुम्ही जे लिहिलंय त्यात निम्मं उत्तर आलेलं आहे. असल्या गाड्यांत चौथा गिअर बहुतेक डायरेक्ट असतो. म्हणजे टॉप शाफ्ट (क्लचकडून येणारा) आणि मेन शाफ्ट (मागच्या चाकांकडं जाणारा) थेट एकमेकांत अडकतात, खालचा लेअर शाफ्ट नुसता फिरतो, भार घेत नाही. बाकीच्या प्रत्येक गिअरात ताकद लेअर शाफ्टमधून जाते. चौथ्यात आवाज मरतो आणि बाकी सगळ्यांत येतो, तेव्हा पहिला संशय लेअर शाफ्टच्या बेअरिंगवर. खात्री करायची तर गाडी जागेवर उभी, न्यूट्रल, इंजिन चालू ठेवा. क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की बंद, तर टॉप शाफ्टचं किंवा लेअरचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर थ्रस्ट बेअरिंग (क्लच दाबणारं), त्याला बॉक्स उतरवावा लागतो पण खोलावा लागत नाही. एकाच गिअरात आवाज असेल तर त्या जोडीचे दाते किंवा त्या गिअरखालचं नीडल बेअरिंग.

खर्र करण्याचं कारण सिंक्रो (गिअर पडायच्या आधी वेग जुळवणारी पितळी रिंग) असेल किंवा क्लच. क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. थांबूनही ओरडला, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि टॉप शाफ्ट फिरत राहतोय. तसं असेल तर बॉक्सला हात लावायच्या आधी क्लच बघायचा. रिव्हर्स गुपचूप पडतो आणि दुसराच तेवढा ओरडतो, तर रिंग गेली.

तिसरा सुटतो त्याला बाहेरचंही कारण असू शकतं. इंजिनचे आणि बॉक्सचे माउंटिंग रबर फाटले असतील तर पाय काढल्यावर अख्खा बॉक्स सरकतो आणि दांडा गिअर ओढून काढतो. ते बघायला पैसे लागत नाहीत. रबर ठीक निघाले तर मग आत: गिअरचे डॉग दाते (स्लीव्ह अडकायचे बाजूचे छोटे दाते), स्लीव्ह, फोर्क, आणि गिअर जागेवर धरणारी रेलवरची गोळी-स्प्रिंग.

शेवटचं, ड्रेन नट काढून त्याचं चुंबक बघा. राखाडी लोण्यासारखा चिखल सगळ्याच गाड्यांत निघतो, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे निघाले किंवा ऑइलमध्ये पिवळे कण चमकले, तर लिहा.

आजरेकर

मी जुना बॉक्स बसवलाय आणि समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझ्या गाडीचं लेअरचं बेअरिंग आंबोलीच्या रस्त्यावर पूर्ण फुटलं. शाफ्ट तिरका झाला, दाते तुटले, त्यातला एक तुकडा मध्ये सापडून केसिंगला चीर गेली. केसिंग, क्लस्टर (लेअर शाफ्टवरचा एकत्र गिअरसंच), दोन गिअर, सगळी बेअरिंगं असा हिशेब केल्यावर बॉक्सच दुसरा घेणं परवडलं. पण गॅरेजवाल्यांनी आणून परस्पर बसवला असं होऊ दिलं नाही. बॉक्स जमिनीवर असतानाच मी त्यांच्याबरोबर उभा राहिलो. ऑइल काढून पाहिलं, टॉप शाफ्ट हातानं फिरवून आणि वर-खाली हलवून ढिलाई पाहिली, प्रत्येक गिअर टाकून मागचा शाफ्ट फिरतो का ते पाहिलं, वरचं झाकण काढायला लावून बॅटरीच्या उजेडात दाते पाहिले.

आणि जुळतो का ते आधी बघा. मॉडेल तेच असलं तरी वर्षावर्षाला टॉप शाफ्टची लांबी, क्लच प्लेटच्या खाचा, गिअरचं प्रमाण, मीटरच्या केबलची जागा बदललेली असते. चारही चाकांवर चालणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीचा बॉक्स दोन चाकांवर चालणाऱ्या जीपला जात नाही. बिल घ्याच. आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, म्हणून आरटीओत नोंदीचा प्रश्न येत नाही. पण चोरीच्या गाडीचा माल आपल्या गाडीत नको असेल तर हातात कागद पाहिजे.

पूररेषा

आजरेकर दादांच्या यादीत एक गोष्ट घालतो, आपल्या भागात ती सगळ्यात मोठी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. शिरोलीजवळ हायवे बंद होता. किती गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या होत्या! इंजिनमध्ये पाणी गेलं की लोक लगेच काम करतात. गिअरबॉक्सकडं कुणी बघत नाही. बॉक्सच्या डोक्यावर ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर व्हायला. गाडी त्याच्या वर बुडाली की तिथून पाणी आत जातं आणि ऑइल वर तरंगून पाणी तळाला बसतं. लेअर शाफ्ट तळालाच असतो. बेअरिंगच्या वाटीवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) गंजाचे ठिपके पडतात, पुढं त्याच ठिपक्यांतून पापुद्रे सुटतात आणि घुंई सुरू होते. म्हणजे बुडालेल्या गाडीचा बॉक्स सुरुवातीला चांगला चालतो आणि वर्षा-दोन वर्षांत बोलायला लागतो.

जुना बॉक्स घेताना ऑइल दुधाळ आहे का, ब्रीदरच्या आत नदीचा बारीक गाळ आहे का, झाकणाच्या आतल्या बाजूला गंजाची रेघ आहे का, हे तिन्ही बघा. ऑइल बदलून आणलेलं असू शकतं, पण झाकणावरची रेघ सहसा कुणी पुसत नाही.

साळवणकर, तुमची गाडी आधीच्या मालकाकडं कुठं असायची हेही विचारा.

साळवण रोड

स्पॅनर काका, सांगितलं तसं सगळं केलं. न्यूट्रलला क्लच सोडला की घरघर, दाबला की बंद. रिव्हर्स थांबून टाकला तर आवाज नाही. माउंटिंग रबर शाबूत आहेत. ऑइल अगदी कमी निघालं, आणि त्यात पिवळी चमक आहे. मागच्या सीलपासून खाली सगळं ओलं. पूररेषा, गाडी आधी गारगोटीकडं होती, पुरात नव्हती असं आधीचे मालक म्हणतात आणि ऑइलही दुधाळ नाही.

स्पॅनर चौदा

मग खोलायचाच. पिवळं म्हणजे पितळी रिंगा झिजून आलेलं पितळ, नाहीतर बेअरिंगची जाळी.

सील का गळलं तेही बघून घ्या. नुसतं सील बदललं तर परत गळेल. ब्रीदर चिखलानं बुजला असेल तर बॉक्स तापल्यावर आतली हवा फुगते, तिला वाट नसते, ती ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. मागच्या बुशमध्ये ढिलाई असेल तरी प्रॉपेलर शाफ्टचा योक (बॉक्समध्ये घुसणारं टोक) हलून सील कापतो. सील, ऑइलची पातळी, बेअरिंग, ही एकामागून एक जातात.

ज्या मेस्त्रींनी खोलल्याशिवाय आकडा सांगत नाही म्हटलं त्यांच्याकडं जावा. मजुरी, सुटे भाग आणि लेथ-प्रेसचं काम, तिन्ही वेगळं लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. बिलात तेवढं तपासा.

वाशी नाका

एक विचारू का? दाते घासले असतील तर उद्यमनगरात भरून आणि परत कापून मिळणार नाहीत का? तिथं काय बनत नाही! पंप बनतात, ऑइल इंजिनं बनली, अख्ख्या देशातल्या गाड्यांची कास्टिंगं आपल्याकडून जातात. मग एक गिअर काय अवघड आहे?

शिरोली शिफ्ट

मी हीट ट्रीटमेंटमध्ये काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. अभिमान बरोबर आहे, पण वेल्डिंगनं दाते भरणं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

गिअरबॉक्सचा गिअर २०एमएनसीआर५, एसएई ८६२० अशा मिश्र पोलादाचा असतो. आधी मऊ असताना दाते कापतात, मग भट्टीत कार्बन मुरवून पटकन थंड करतात. त्यामुळं वरचा साधारण पाऊण-एक मिलिमीटरचा थर ५८ ते ६२ रॉकवेल सी (कडकपणा मोजायचं माप) इतका कडक होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. कडक थर झिजायला देत नाही, चिवट गाभा तुटायला देत नाही. वेल्डिंगचा ताव लागला की हा थर तिथल्या तिथं मरतो, शेजारच्या दात्याच्या मुळाशी बारीक चिरा पडतात, आणि भरलेला धातू परत तेवढा कडक होत नाही. चढावर लोड आला की तो दाता तुटून बाकीच्या बॉक्समधून फिरणार. आजरेकरांच्या केसिंगचं काय झालं ते वर वाचलंच.

नवा गिअर मात्र इथं बनू शकतो. दाते कापणारी मशीनं आहेत, भट्ट्या आहेत, ग्राइंडिंग आहे. पण एका नगासाठी मोजमाप, हॉबिंग (दाते कापणं), हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग असा चार दारांचा प्रवास आहे. बाजारात मिळणाऱ्या गिअरसाठी तो कुणी करू नये. ज्या जुन्या गाडीचा भाग देशात कुठंच मिळत नाही, तिच्यासाठी मात्र जरूर करावा, आणि कोल्हापुरात तो होऊ शकतो ही खरंच मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडं सर्रास आणि उत्तम होतं ते केसिंगचं काम. बेअरिंगची बाहेरची वाटी केसिंगमध्ये फिरून भोक मोठं झालं असेल तर ते बोअर करून आत धातूची नळी (तिलाही स्लीव्हच म्हणतात) ठोकतात. फक्त दोन्ही टोकांची भोकं एका रेषेत आणि वरच्या-खालच्या शाफ्टमधलं अंतर मूळचंच राहिलं पाहिजे. बोअरिंगवाल्याकडं केसिंगचा नुसता एक भाग न देता, जोडलेलं पूर्ण केसिंग द्या.

साळवण रोड

बॉक्स खोलला. मी दिवसभर तिथंच होतो, मेस्त्रींनी एकेक भाग हातात देऊन दाखवला.

लेअर शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगच्या वाटीला खड्डे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सिंक्रो रिंगांच्या आतल्या बारीक रेघा पुसून गुळगुळीत झालेल्या. रिंग कोनवर (गिअरच्या निमुळत्या भागावर) दाबून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायला गेलं तर अंतरच उरलेलं नाही, रिंग गिअरला टेकते. तिसऱ्याचे डॉग दाते टोकाला गोल झालेत, स्लीव्हच्या आतल्या खाचाही. फोर्कची एक बाजू झिजलीय. ब्रीदर मातीनं गच्च होता, काका म्हणाले तसंच. चांगली बातमी म्हणजे केसिंग, दोन्ही शाफ्ट आणि लेअरचे सगळे दाते स्वच्छ आहेत.

तिसऱ्याचे डॉग दाते गिअरलाच असल्यामुळं तिसरा गिअर अख्खा बदलायला लागणार. मेस्त्री म्हणतात लेअरचा क्लस्टर तोच ठेवू. पण मी सगळीकडं ऐकलंय की गिअर जोडीनं बदलावा. काय करू?

स्पॅनर चौदा

नियम जोडीचाच आहे, कारण दोन गिअर एकमेकांच्या अंगानं घासून बसलेले असतात. पण तुमचा गिअर चालायच्या दात्यांनी गेलेला नाही, डॉग दात्यांनी गेलाय. क्लस्टरवरच्या तिसऱ्याच्या दात्यांवर नख फिरवा. पायरी लागत नसेल, खड्डे नसतील, चकाकी दात्याच्या रुंदीभर सारखी असेल तर क्लस्टर ठेवा. तिसऱ्यात थोडी शीळ येईल, ताकदीला काही होणार नाही. खड्डा दिसला तर मात्र जोडी. मी असतो तर तुमच्या वर्णनावरून क्लस्टर ठेवला असता आणि तो पैसा सगळी बेअरिंगं नवी घालण्यात घातला असता. एकच गेलंय म्हणून एकच बदलायचं नाही. बाकीच्यांनीही तेच पितळ आणि पोलाद मिसळलेलं ऑइल प्यायलंय.

स्लीव्ह आणि हब एकत्र बदला. गोळी-स्प्रिंग नवी. फोर्क नवा. बॉक्स खाली आहेच, तर क्लच प्लेट, थ्रस्ट बेअरिंग, पायलट बेअरिंग (टॉप शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) आणि इंजिनचं मागचं सील बघून घ्या. त्यासाठी परत बॉक्स उतरवायला लावू नका.

शिरोली शिफ्ट

बेअरिंग घेताना नंबर पूर्ण वाचा. ६२०६ लिहिलं असेल तर आतलं भोक ३० मिमी, बाहेरून ६२, जाडी १६. ६३०६ चं भोक तेच ३०, पण बाहेरून ७२ आणि जाडी १९. पुढं सी३ लिहिलं असेल तर तेही पाहिजे. सी३ म्हणजे आतली मोकळीक जास्त ठेवलेली, शाफ्टवर घट्ट बसून आणि तापून ती कमी होणार हे धरूनच. साधं घातलं तर बसतं, पण गरम झाल्यावर आवळतं.

बसवताना शाफ्टवर जात असेल तर जोर आतल्या वाटीवर, केसिंगमध्ये जात असेल तर बाहेरच्या वाटीवर. उलटं झालं की जोर गोळ्यांमधून जातो आणि वाटीवर खळगे पडतात. नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच जुनं होतं. हातोडा नको, प्रेस. नाहीतर बेअरिंग ऑइलमध्ये १०० अंशांच्या आसपास तापवा, अलगद सरकतं.

आजरेकर

चढवताना बॉक्स जॅकवर धरायला सांगा. क्लच प्लेट डमी शाफ्टनं मधोमध बसवून घ्या, आणि टॉप शाफ्ट प्लेटमध्ये घुसल्यावर बॉक्सचं वजन त्यावर लोंबकळू देऊ नका. प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग नव्या बॉक्सलाही गिअर जड पडतात. लोक दोष सिंक्रोला देतात.

वाशी नाका

ऑइल कोणतं? दुकानदार म्हणतो नव्वद नंबर (जाडी) घाला, गिअर ऑइलच्या दर्जात जीएल-५ सगळ्यात भारी.

स्पॅनर चौदा

जीएल-५ भारी आहे, पण मागच्या डिफरन्शियलसाठी (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचासाठी). तिथं दाते एकमेकांवर घसरत चालतात, म्हणून जास्त दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं त्यात जास्त असतात. तीच रसायनं काही ऑइलांत पितळी रिंगांना खातात. शिवाय रिंगेला कोनवर पकड लागते, त्या घर्षणावरच सिंक्रो चालतो. फार निसरडं ऑइल असलं की रिंग वेग जुळवायला वेळ लावते आणि आपण दांडा रेटतो. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च, आणि जाडीही पुस्तकातलीच. आवाज दाबायला जाड ऑइल घालणारे आहेत. त्यानं सकाळी गार बॉक्समध्ये दुसरा आणखी जड पडतो आणि बेअरिंग बरं होत नाही.

नवं काम झाल्यावर हजारएक किलोमीटरला ऑइल एकदा काढा, सुरुवातीची झीज त्यात येते. आणि तुम्हा घाटातल्या सगळ्यांना विनंती: डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतार उतरू नका. ब्रेकचा आधार जातो हे एक. दुसरं म्हणजे मागची चाकं मेन शाफ्ट फिरवत राहतात आणि लेअर शाफ्ट थांबलेला असतो. ऑइल उडवतो तो लेअर शाफ्टच, म्हणून वरचे गिअर कोरडे फिरतात. गाडी टोचन करून लांब न्यायची असेल तर प्रॉपेलर शाफ्ट सोडा, हेच कारण.

साळवण रोड

गाडी घरी आली. दुसरा एका बोटानं पडतो. तिसरा सुटत नाही. तिसऱ्यात हलकी शीळ आहे, काकांनी सांगितली होती तेवढीच. जुन्या बॉक्सच्या आकड्यापेक्षा खर्च थोडा जास्त झाला, पण आत काय घातलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांचे आभार. त्या मेस्त्रींचा पत्ता इथं टाकत नाही, त्यांना विचारून ज्यांना हवाय त्यांना व्यक्तिगत निरोपात देईन.

रंकाळाकाठ

धागा पूर्ण वाचला. माझी छोटी पेट्रोल गाडी आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. साठच्या पुढं गेलं की घुंई येते, सगळ्या गिअरांत सारखीच. आणि दांडा ढिला झालाय, पहिला कुठं आणि तिसरा कुठं कळत नाही. गॅरेजमध्ये बॉक्स उतरवायला सांगितलाय. काका, चौथ्या गिअरची युक्ती माझ्या गाडीला लागू होते का?

स्पॅनर चौदा

नाही ताई. तुमच्या गाडीत बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच केसिंगमध्ये असतं आणि सहसा कोणताच गिअर डायरेक्ट नसतो. पण बॉक्स उतरवू देऊ नका इतक्यात. रिकाम्या रस्त्यावर वेग स्थिर ठेवून स्टिअरिंग हळूच डावीकडं, मग उजवीकडं द्या. एका बाजूला आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर ते चाकाचं बेअरिंग असण्याचीच शक्यता जास्त. सगळ्या गिअरांत सारखा आवाज म्हणजे तिकडंच बोट जातं.

दांडा ढिला झालाय त्याला दांड्याच्या खालचे आणि बॉक्सवरच्या केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश बघायला लावा. लहानसा भाग आहे, झिजला की गिअर सापडत नाही आणि लोक बॉक्स खोलतात. ऑइलही तपासून घ्या, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टच्या सीलजवळ ओलं आहे का बघा. आणि ऑइल बदलायला सांगाल तेव्हा मेस्त्रींना म्हणावं, आधी वरचा भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा ड्रेन काढा. तो अडकलेला असला आणि खालून ऑइल काढून बसलात, तर गाडी तिथंच उभी राहते.